शेजारधर्म : घरचा आणि राष्ट्रांचा

(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या समारंभात दिलेले व्याख्यान)



चिटणीसबाईंचा निरोप आला तेव्हा मी पोह्यांना फोडणी देत होते. त्यांनी विषय सांगितला, 'आंतरराष्ट्रीय शांतता आणि प्रादेशिक राष्ट्रसंघटना', आणि माझी फोडणी करपली! मी मुत्सद्दी नव्हे की पंडिता नव्हे. एकतीस वर्षे मुलींच्या शाळेत भूगोल शिकवला, एवढीच माझी शिदोरी. काठीने नकाशावर देश दाखवायचा, राजधानी विचारायची आणि घंटा झाली की नकाशा गुंडाळून ठेवायचा. त्या देशांतली माणसे एकमेकांशी कशी वागतात, याचा विचार करायला सवड मिळाली ती निवृत्त झाल्यावर.

परंतु विषयाचा विचार करू लागले, तसतसे माझ्या ध्यानात येऊ लागले, की तो आपल्या उंबरठ्यापासून फारसा दूर नाही. म्हणून मी आरंभ उंबरठ्यापासूनच करते.

पुष्कळ वर्षांपूर्वीची गोष्ट. लग्न होऊन मी नुकतीच एका चाळीत राहायला आले होते. आमच्या शेजारच्या बिऱ्हाडात रात्री अपरात्री आरडाओरडा चाले. भांडी आपटल्याचा आवाज येई, मग रडणे, मग सारे चिडीचूप. सकाळी नळावर ती बाई भेटे तेव्हा पदर कपाळापर्यंत ओढलेला असे. आम्ही सगळ्याजणी खाली मान घालून बादल्या भरत असू. 'त्यांच्या घरातली गोष्ट. नवरा-बायकोच्या भांडणात तिसऱ्याने पडू नये,' असे चाळीतले पुरुष म्हणत, आणि खरे सांगायचे तर आम्ही बायकाही तेच म्हणत होतो. असे जवळजवळ वर्ष गेले.

मग एका रात्री, दीडच्या सुमाराला, कोपऱ्यातल्या खोलीतल्या आजी उठल्या. सत्तरी उलटलेल्या, दमेकरी. हातात एक रिकामी वाटी घेऊन त्यांनी त्या दारावर थाप मारली आणि मोठ्याने विचारले, "अहो, विरजण आहे का थोडे?" रात्री दीड वाजता विरजण! दार उघडेपर्यंत त्या थाप मारीत राहिल्या. मग दुसरी एक बाई बाहेर आली, मग तिसरी. चौथी मी होते. आजींनी तिथेच गॅलरीत सतरंजी टाकली आणि सकाळपर्यंत बसून राहिल्या.

भगिनींनो, ती थाप मी अजून विसरलेले नाही. आणि त्याआधीचे आमचे वर्षभराचे गप्प बसणेही विसरलेले नाही. शेजाऱ्याच्या घरात कधी जावे, कोणत्या अधिकाराने जावे, आणि गेल्यावर काय करावे, हा प्रश्न चाळीला जसा पडतो तसाच तो राष्ट्रांनाही पडतो. आजचा विषय म्हणजे दुसरे काही नाही, हाच प्रश्न आहे.

१९४५ साली संयुक्त राष्ट्रसंघाची सनद तयार झाली, तेव्हा तीत एक कलम घातले गेले, की कोणत्याही राष्ट्राच्या घरगुती कारभारात राष्ट्रसंघाने ढवळाढवळ करू नये. लहान राष्ट्रांना हे कलम हवेच होते. मोठे राष्ट्र 'मदतीला आलो' म्हणून घरात शिरते आणि मालक होऊन बसते, हे त्यांनी पुरते अनुभवले होते. आपणही अनुभवले आहे. पण त्याच सनदेत आठवे प्रकरण आहे. त्यात असे म्हटले आहे, की एका भागातल्या राष्ट्रांनी आपली संघटना करावी, आपसांतले तंटे आधी तिथे मिटवायचा प्रयत्न करावा; मात्र बळाचा वापर करायचा तर सुरक्षा समितीची परवानगी हवी. म्हणजे आधी चाळीतल्यांनी पाहावे, मग पोलिसांकडे जावे, पण चाळीने स्वतःच पोलीस होऊ नये, असाच त्याचा अर्थ.

अशा संघटना जगात पुष्कळ आहेत. आपल्याही भागात १९८५ साली ढाक्याला 'सार्क' स्थापन झाली. पण तिच्या सनदेतच लिहून ठेवले आहे, की दोन देशांमधले वादाचे प्रश्न तिथे चर्चेला घ्यायचे नाहीत. भांडणाचे नाव काढायचे नाही, या अटीवर जमलेली मंडळी चहा पिऊन घरी जातात. तिची शेवटची शिखर परिषद काठमांडूला २०१४ साली भरली; त्यानंतर तो चहाही झालेला नाही.

आज मी आपल्याला नेणार आहे पश्चिम आफ्रिकेत. आफ्रिकेच्या नकाशावर डाव्या हाताला जो फुगवटा दिसतो, तो हा भाग. नायजेरिया, घाना, आयव्हरी कोस्ट, सेनेगल, लायबेरिया, सिएरा लिओन, असे हे देश. आपण नातवंडांच्या हातावर चॉकलेट ठेवतो, त्यातला कोको बहुधा आयव्हरी कोस्टचा नाही तर घानाचा असतो, एवढा तरी आपला त्यांच्याशी संबंध आहे. कोणावर इंग्रजांचे राज्य होते, कोणावर फ्रेंचांचे, कोणावर पोर्तुगीजांचे. त्यामुळे सीमेच्या अलीकडची आणि पलीकडची माणसे एकाच जमातीची असली, तरी त्यांच्या कचेऱ्यांची भाषा वेगळी.

२८ मे १९७५ रोजी नायजेरियातल्या लागोस शहरी १५ देशांनी एक करार केला आणि आपला आर्थिक समुदाय स्थापन केला. त्याच्या इंग्रजी नावाच्या आद्याक्षरांवरून त्याला 'इकोवास' म्हणतात. नावाप्रमाणे उद्देश व्यापाराचा होता. जकात कमी करावी, रस्ते जोडावे, माणसांना मोकळेपणाने जाता-येता यावे. १९७९ च्या एका कराराने सभासद देशांच्या नागरिकांना परवान्यावाचून दुसऱ्या सभासद देशात ९० दिवस राहण्याची मुभा मिळाली. कापडाची गाठोडी आणि सुकी मासळी घेऊन सीमेपलीकडच्या बाजाराला जाणाऱ्या बायकांना याचा केवढा उपयोग झाला असेल, हे आपण बायकांना सांगायला नको.

पण व्यापार करणाऱ्यांना लवकरच कळून चुकले, की शेजारी आग लागली असता आपले दुकान चालत नाही. १९७८ साली त्यांनी परस्परांवर हल्ला न करण्याचा करार केला होता आणि १९८१ साली परस्परांच्या संरक्षणाचा. हे करार बरीच वर्षे कागदावर राहिले. त्यांची परीक्षा घेतली ती लायबेरियाने.

लायबेरिया हा अमेरिकेतून मुक्त झालेल्या गुलामांनी वसवलेला देश. १८४७ साली तो स्वतंत्र झाला. बाहेरून आलेल्यांनी मूळच्या रहिवाशांवर शंभराहून अधिक वर्षे राज्य केले. १९८० साली सॅम्युअल डो नावाच्या एका सार्जंटने सत्ता बळकावली, आणि १९८९ च्या नाताळच्या आदल्या दिवशी चार्ल्स टेलर नावाचा बंडखोर आपली टोळी घेऊन आयव्हरी कोस्टच्या सीमेवरून आत शिरला. पुढच्या काही महिन्यांत देशाची दाणादाण उडाली. जमात विचारून माणसे मारली जाऊ लागली, लहान मुलांच्या हातात बंदुका आल्या, लाखो लोक शेजारच्या देशांत पळाले. त्याच वेळी, ऑगस्ट १९९० मध्ये, इराकने कुवेत घेतले आणि साऱ्या मोठ्या राष्ट्रांचे डोळे तिकडे लागले. लायबेरियाकडे पाहायला कोणाला सवड नव्हती.

तेव्हा शेजारी उठले. इकोवासने एक संयुक्त सेना उभी केली. तिला 'इकोमॉग' असे नाव होते. नायजेरिया, घाना, गिनी, सिएरा लिओन आणि गांबिया यांचे सैनिक २४ ऑगस्ट १९९० रोजी राजधानी मन्रोव्हियाच्या बंदरावर उतरले. एका भागातल्या गरीब राष्ट्रांनी आपल्याच खर्चाने, आपल्याच सैनिकांनिशी शेजाऱ्याच्या घरातले युद्ध थांबवायला जावे, असे पूर्वी क्वचितच घडले असेल.

आता मी जर येथेच थांबले, तर आपण टाळ्या वाजवाल. पण मग मी आपल्याला अर्धेच सत्य सांगितल्यासारखे होईल. सुरक्षा समितीची परवानगी त्यांनी आधी घेतली नव्हती. समितीने त्यांच्या प्रयत्नांची वाखाणणी केली ती मागाहून. सभासदांत एकमत नव्हते. बुर्किना फासो आणि आयव्हरी कोस्ट यांचा ओढा टेलरकडे होता. सेना उतरून तीन आठवडे होत नाहीत तोच, तिच्या मुख्य ठाण्यावर भेटीला आलेल्या अध्यक्ष डो यांना दुसऱ्या एका टोळीने तिथूनच पकडून नेले आणि ठार मारले. आणि सर्वांत लाजिरवाणी गोष्ट म्हणजे रक्षणाला आलेल्या सैनिकांपैकी काहींनी लूट केली. मन्रोव्हियाच्या लोकांनी 'इकोमॉग' या आद्याक्षरांचा एक कुत्सित अर्थच बसवला होता : जी जी मोटार आणि जी जी हलणारी वस्तू, ती ती गेली! विरजण मागायला आलेल्या शेजारणीने जाताना पातेलेच उचलून न्यावे, तसे हे झाले.

तरीही मन्रोव्हिया शहर त्या सेनेमुळे पुष्कळ काळ तगून राहिले, हेही खरे. १९९३ साली राष्ट्रसंघाने आपले निरीक्षक तिच्या जोडीला पाठवले. प्रादेशिक संघटनेने आधीच उभारलेल्या सेनेबरोबर राष्ट्रसंघाने काम करण्याची ती पहिली वेळ. अनेक करार झाले आणि मोडले. शेवटी १९९७ साली निवडणूक झाली, आणि निवडून कोण आला? तोच चार्ल्स टेलर. लोकांनी त्याला मते दिली ती बहुतेक भीतीने. तो हरला असता तर पुन्हा बंदूक उचलील, असे त्यांना वाटले. भीतीने विकत घेतलेली शांतता टिकली नाही. दोनच वर्षांत दुसरे युद्ध पेटले. दोन्ही युद्धे मिळून सुमारे अडीच लाख माणसे मेली असा अंदाज आहे. आणि देशाची लोकवस्ती त्या काळी तीस लाखांच्या आसपास होती.

भगिनींनो, आता मी ज्या भागाकडे येत आहे, त्यासाठीच हा विषय मी निवडला.

२००३ सालच्या वसंतात मन्रोव्हियातल्या काही बायका एकत्र आल्या. त्यांच्यात लेमा ग्बोवी नावाची एक समाजसेविका होती. वय तिशीच्या पुढचे, पदरात मुले, आणि लढाईत वापरल्या गेलेल्या पोरांना सावरण्याचे काम. ख्रिस्ती बायकांनी चर्चमधून सुरुवात केली, आणि तिथे मुसलमान बायका येऊन मिळाल्या. गोळी धर्म विचारून लागत नाही, हे दोघींनाही समजले होते. पांढरे कपडे, डोक्याला पांढरे फडके, अंगावर दागिना नाही, अशा त्या शहरातल्या मासळीबाजाराजवळच्या मैदानावर जाऊन बसल्या. अध्यक्षांच्या मोटारींचा ताफा त्याच रस्त्याने जाई. ऊन असो, पाऊस असो, त्या रोज येत. मागणी एकच : आम्हांला शांतता हवी. त्यांनी नवऱ्यांशी असहकारही पुकारला होता! त्याचा प्रत्यक्ष उपयोग फारसा झाला नाही, पण वर्तमानपत्रांचे लक्ष मात्र वेधले गेले, असे ग्बोवीबाईंनी स्वतःच पुढे लिहिले आहे.

२३ एप्रिलला टेलरने त्यांना भेट दिली. वाटाघाटींना जाण्याचे त्याने कबूल केले. बंडखोर टोळ्यांनाही तयार करण्यात आले. आणि वाटाघाटी बोलावल्या कोणी? इकोवासने. जागा घानाची राजधानी अक्रा. मध्यस्थ नायजेरियाचे माजी राष्ट्रप्रमुख जनरल अब्दुलसलामी अबूबकर. येथे आपण एक लक्षात घ्यावे. या बायकांनी कितीही दिवस मैदानावर धरणे धरले असते, तरी बोलणी करायला एक खोली, एक मेज आणि दोन्हीकडच्यांनी मानावा असा एक वडीलधारा माणूस लागतोच. तो शेजाऱ्यांच्या संघटनेने दिला. आणि उलट, नुसती खोली आणि मेज असून भागत नाही, हेही लवकरच दिसले.

४ जूनला बोलणी सुरू झाली, त्याच दिवशी सिएरा लिओनच्या विशेष न्यायालयाने टेलरवरचे आरोपपत्र जाहीर केले आणि तो घाईघाईने मायदेशी परतला. मागे राहिलेले प्रतिनिधी चांगल्या हॉटेलांत उतरले होते. तिघेचौघे जमले की कोणते खाते कोणाला मिळणार याची चर्चा. तिकडे मन्रोव्हियावर तोफगोळे पडत होते. आठवडे लोटत चालले.

२१ जुलैला ग्बोवीबाई आणि त्यांच्याबरोबरच्या बायका सभागृहाच्या दारात जाऊन बसल्या. हातात हात गुंफले आणि आतल्यांना निरोप पाठवला, की करार झाल्यावाचून कोणालाही बाहेर सोडणार नाही. घानातल्या छावण्यांत राहणाऱ्या लायबेरियन निर्वासित बायकाही त्यांच्यात होत्या. पहारेकरी ग्बोवीबाईंना पकडायला आले, तेव्हा त्या उभ्या राहिल्या आणि अंगावरची वस्त्रे उतरवू लागल्या. त्या मुलखात आईने जाणूनबुजून आपले वस्त्र टाकणे, हा मुलांना मोठा शाप समजतात. पहारेकरी मागे सरले. एक टोळीप्रमुख बायकांना ओलांडून जाऊ लागला, तर जनरल अबूबकर यांनीच त्याला खडसावले आणि परत आत बसवले. त्यांनी बायकांचे म्हणणे ऐकून घेतले, प्रतिनिधींना बैठकींना हजर राहण्याची आणि बायकांचा अपमान न करण्याची ताकीद दिली. त्या दिवसानंतर बोलण्यांना खरी धार आली.

या साऱ्यावर २००८ साली निघालेला एक माहितीपट माझ्या लेकीने मला दाखवला. त्या दारात बसलेल्या बायका पाहताना मला आमच्या चाळीतल्या आजींची सतरंजी आठवली आणि डोळ्यांना पदर लावावा लागला.

४ ऑगस्ट २००३ ला इकोवासच्या नव्या सेनेची पहिली तुकडी मन्रोव्हियाला उतरली. ११ ऑगस्टला टेलरने राजीनामा दिला आणि तो नायजेरियात गेला. १८ ऑगस्टला अक्रा येथे करारावर सह्या झाल्या. १ ऑक्टोबरला राष्ट्रसंघाने सूत्रे हाती घेतली, आणि इकोवासच्या त्याच सैनिकांनी राष्ट्रसंघाच्या निळ्या टोप्या घातल्या. शेजारी आधी धावून गेले, आणि दमल्यावर मोठ्या घराने भार उचलला. हीच ती सनदेच्या आठव्या प्रकरणातली कल्पना, आणि या वेळी ती बरीचशी साधली.

पुढचे काम बरीच वर्षे चालले. एक लाखाहून अधिक माणसांकडून शस्त्रे काढून घेण्यात आली. बायकांनी मैदान सोडले नाही. त्या मतदार नोंदवीत गावोगाव फिरल्या. २००५ च्या निवडणुकीत एलेन जॉन्सन सरलीफ अध्यक्षपदी निवडून आल्या. आफ्रिकेत लोकांनी निवडलेल्या त्या पहिल्या महिला राष्ट्रप्रमुख. २०११ चे शांततेचे नोबेल पारितोषिक सरलीफ, ग्बोवी आणि येमेनच्या तवक्कुल करमान यांना विभागून मिळाले. टेलरला २०१२ साली सिएरा लिओनमधल्या गुन्ह्यांबद्दल ५० वर्षांची शिक्षा झाली. राष्ट्रसंघाची सेना २०१८ च्या मार्चअखेर परतली.

यात आपल्या देशाचाही एक वाटा आहे, तो सांगितल्यावाचून मला पुढे जाववत नाही. जानेवारी २००७ मध्ये आपल्या केंद्रीय राखीव पोलीस दलातल्या शंभरावर महिला पोलीस मन्रोव्हियाला गेल्या. राष्ट्रसंघाच्या शांतिकार्यात संपूर्ण महिलांचे असे पोलीस पथक पूर्वी कधी गेले नव्हते. रात्रीची गस्त, अध्यक्षांच्या कचेरीचा पहारा, अशी कामे त्यांनी केली. पथके बदलत राहिली आणि हे काम २०१६ पर्यंत चालले. त्यांना पाहून तिथल्या मुली पोलिसांत भरती होऊ लागल्या. लायबेरियाच्या सुरक्षादलांत बायकांचे प्रमाण या नऊ वर्षांत ६ टक्क्यांवरून १७ टक्क्यांवर गेले, असे राष्ट्रसंघाने नमूद केले आहे. घरी मुले सासूजवळ ठेवून गेलेल्या त्या आपल्या लेकी-सुना. त्यांनी भाषणे केली नाहीत. त्या नुसत्या गणवेष घालून रस्त्यावर उभ्या राहिल्या, आणि तेवढे पुरले.

इकोवासही या अनुभवातून शिकली. १९९९ साली तिने भांडण पेटण्याआधीच चाहूल घेण्याची आणि मध्यस्थी करण्याची यंत्रणा ठरवली; ज्येष्ठ स्त्री-पुरुषांचे एक मध्यस्थ मंडळ त्यात योजले. २००१ साली ठरवले, की बंदुकीने मिळवलेली सत्ता कोणत्याही सभासद देशात मान्य करायची नाही. आणि खर्चासाठी वर्गणी? बाहेरून येणाऱ्या मालावर प्रत्येक देशाने अर्धा टक्का पट्टी बसवावी आणि ती समुदायाला द्यावी. वर्गणीवाचून मंडळ चालत नाही, हे आपल्या खजिनदारबाई जाणतातच!

या नव्या नियमांना एकदा फार सुंदर यश आले. गांबियात याह्या जामे २२ वर्षे सत्तेवर होते. डिसेंबर २०१६ च्या निवडणुकीत ते हरले. आधी पराभव कबूल केला आणि आठवड्याभरात शब्द फिरवला. तेव्हा इकोवासचे अध्यक्षपद होते सरलीफबाईंकडे. ज्या देशाच्या दारावर एकेकाळी शेजाऱ्यांना थाप मारावी लागली, त्याच देशाची बाई आता इतर राष्ट्रप्रमुखांना बरोबर घेऊन दुसऱ्याच्या दारावर समजूत घालायला गेली. समजावणी चालली, आणि सीमेवर सेनाही उभी राहिली. निवडून आलेले अदामा बॅरो यांनी १९ जानेवारी २०१७ रोजी सेनेगलमधल्या डाकार शहरी, आपल्या वकिलातीत शपथ घेतली. त्याच दिवशी सुरक्षा समितीने पाठिंब्याचा ठराव केला. दोन दिवसांनी जामे देश सोडून गेले. युद्ध झाले नाही.

पण अपयशही सांगितले पाहिजे, आणि ते ताजे आहे. २०२० पासून माली, गिनी, बुर्किना फासो येथे सैन्याने सत्ता घेतली. जुलै २०२३ मध्ये नायजरची पाळी आली. इकोवासने आठवड्याची मुदत दिली, सेना पाठवण्याची धमकी दिली, सीमा बंद केल्या. नायजेरियाने वीज तोडली. सेना गेली नाही, सेनाधिकारी हटले नाहीत. औषधे आणि धान्य यांच्या मोटारी मात्र सीमेवर अडकल्या, आणि चटका बसला तो गरिबांना. फेब्रुवारी २०२४ मध्ये बहुतेक निर्बंध उठवावे लागले. माली, बुर्किना फासो आणि नायजर यांनी आपला वेगळा संघ केला आणि २९ जानेवारी २०२५ रोजी ते तिन्ही देश इकोवासमधून बाहेर पडले. पन्नासाव्या वर्धापनदिनाच्या चार महिने आधी घरातली तीन माणसे उठून गेली.

असे का झाले? माझ्या अल्पमतीला जे दिसते ते सांगते. सैन्याने सत्ता घेतली की संघटना जागी होई. पण निवडून आलेला पुढारी घटना बदलून तिसऱ्यांदा खुर्चीवर बसे, तेव्हा मात्र ती डोळे मिटून घेई. गिनीत २०२० साली असेच झाले होते, आणि पुढल्याच वर्षी तिथे बंड झाले. मोठ्यांच्या चुका पोटात घालायच्या आणि मग शिस्तीची काठी उगारायची, तर काठीचा मान राहत नाही. आपल्या घरातही मुले नेमके हेच ओळखतात.

भगिनींनो, या साऱ्यातून मी माझ्यापुरत्या चार गोष्टी गाठीला बांधल्या आहेत. पहिली : 'त्यांच्या घरातली गोष्ट' हे वाक्य काही वेळा सभ्यपणाचे असते आणि काही वेळा भित्रेपणाचे, कोणत्या वेळी काय, हे आपल्या मनाला ठाऊक असते. दुसरी : थाप मारायला एकट्याने जाऊ नये. एकटा बलवान गेला तर घरमालकाला त्याची भीती वाटते, आणि एकटी दुबळी गेली तर तिला कोणी जुमानत नाही. चौघांनी मिळून ठरलेल्या नियमाने जावे. तिसरी : आत गेल्यावर आपले हात स्वच्छ असावेत. आणि चौथी : दार उघडले म्हणजे काम झाले नाही, सकाळपर्यंत सतरंजी टाकून बसायची तयारी हवी.

आपण काही सेना पाठवणार नाही, ठरावही करणार नाही. पण आपल्या मंडळाच्या भगिनी या गावाच्या जवळजवळ प्रत्येक आळीत राहतात. माझी एक नम्र सूचना आहे. प्रत्येक आळीतल्या दोघी-तिघींची नावे आणि दूरध्वनीचे आकडे एका वहीत लिहून ठेवावे, आणि रात्री अपरात्री कुठून हाक ऐकू आली तर त्यांनी मिळून जावे. निमित्त काय, विरजणाचे चालेल. आमच्या चाळीत त्या वेळी अशी वही असती, तर त्या माऊलीला वर्षभर वाट पाहावी लागली नसती.

ती पुढे कुठे गेली, असे आपण मनात विचारीत असाल. तिने शिवणकाम शिकून घेतले आणि मुलांना घेऊन भावाच्या गावी गेली. जाताना ती आजींच्या पाया पडली, आणि मग आम्हा साऱ्याजणींच्या खोल्यांतून निरोप घेत फिरली. माझ्या दारात आली तेव्हा मला तिच्याकडे बघवेना. ती मात्र हसून म्हणाली, "वहिनी, तुम्हीही आला होतात त्या रात्री." मी चौथी आले होते, भगिनींनो. तिने तेही लक्षात ठेवले होते. पण पहिली कोण आली, हे ज्याचे त्याने लक्षात ठेवायचे असते.